जीपपेक्षा लांब तोफ

मागच्या भागांत आपण किल्ले पाहिले, तह पाहिले, एक-दोन जुने नकाशेही उलगडले. आज टेबलावर एक खेळणं आहे. निदान आमच्या घरात त्याला खेळणंच म्हणतात. व्हिडिओत मी ते तळहातावर धरून दाखवलं होतं. हे वाचताना तुमच्यासमोर ते नाही, म्हणून मापं सांगतो. एक जीप आहे, साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब. तिच्यावर एक तोफ आहे, ती पावणेदहा सेंटिमीटर. म्हणजे तोफ जीपपेक्षा किंचित लांब. माझी काही चूक झालेली नाही. खऱ्या तोफेची लांबी ३.४० मीटर आणि खऱ्या जीपची ३.३० मीटर. दोन्हींना पस्तीसने भागलं की हेच आकडे येतात.

ही १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ, फौजेच्या भाषेत आरसीएल. १९६५च्या सप्टेंबरात पंजाबच्या खेमकरण भागात अशाच एका जीपवरून कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद पॅटन रणगाड्यांशी लढले आणि तिथेच मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात वाचली असेल, किंवा १९८८ साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' मालिकेत नसीरुद्दीन शाहांना त्या भूमिकेत पाहिलं असेल. मलाही ती ठाऊक होती. पण ही जीप जोडताना लक्षात आलं की त्यातला निम्मा भाग मी कधी पाहिलाच नव्हता.

मी जबलपुरात राहतो. आजोबा नोकरीनिमित्त इकडे आले, मग आम्ही इथलेच झालो. ग्रेनेडियर्स रेजिमेंटचं केंद्र याच शहरात आहे आणि हमीद चौथ्या ग्रेनेडियर्सचे. त्यामुळे त्यांचं नाव इथे जरा जास्तच कानावर पडतं. लहानपणापासून मला किट जोडायचा नाद. चाळिशीनंतर वाटलं, जर्मन रणगाडे फार झाले, आता आपल्याकडचं काहीतरी करावं.

अडचण अशी की आपल्याकडच्या गाड्यांची किट जवळजवळ मिळतच नाहीत. तामियाची १:३५ मापाची विलिस एमबी जीप सहज मिळते, पण ती दुसऱ्या महायुद्धातली आणि अमेरिकन. अशा वेळी कामाला येतो तो कन्व्हर्जन सेट. ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या कंपन्या पोलादी साच्यांतून प्लास्टिकचे भाग काढतात. तो साचा इतका महाग की हजारो डबे खपणार असतील तरच परवडतो. लहान कारागीर रबराच्या साच्यात रेझिन ओततात आणि मूळ किटमधले चार-सहा भाग बदलून दुसरीच गाडी व्हावी एवढंच सामान विकतात. माझ्या सेटमध्ये तोफ होती, तिचा बैठा स्टँड, दुभंगलेली पुढची काच, गोळ्यांचे डबे आणि पितळी पत्र्यातून कोरलेल्या नखाएवढ्या कड्या-बिजागऱ्या. किंमत मूळ जीपच्या दुप्पट. घरी ती सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

रेझिनचं काम प्लास्टिकपेक्षा वेगळं. साच्यातून सुटावं म्हणून त्याला तेलकट पदार्थ लावलेला असतो. तो भांड्यांच्या साबणाने धुतला नाही तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. घासताना उडणारी पूड छातीला वाईट, म्हणून पाण्यात बुडवून, तोंडाला मास्क लावून घासायचं. माझ्या सेटमधली नळी केळ्यासारखी वाकलेली आली. गरम पाण्यात धरून काचेवर सरळ केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकली. शेवटी पितळेची नळी आणून तिच्यावर बाकीचे भाग चढवले. खऱ्या तोफेचं भोक दहा सेंटिमीटरच्या जरा वर, माझ्या नळीचं तीन मिलिमीटर.

इथे एक गंमत. ही तोफ खरं तर १०५ मिलिमीटरचीच. अमेरिकन सैन्यात तिच्याआधी एक १०५ची रिकॉइललेस तोफ होती आणि दोघींचे गोळे एकमेकींत चालत नव्हते. ऐन लढाईत चुकीची पेटी पुढे येऊ नये म्हणून नवीला १०६ म्हणायचं ठरलं. कित्येक दशकं जगभरचे सैनिक, आणि इतिहासाची पुस्तकंही, मापाच्या नावाखाली चिठ्ठीचा आकडा म्हणत आले आहेत.

'रिकॉइललेस' म्हणजे मागे धक्का न देणारी. साध्या तोफेत गोळा पुढे जातो तेवढ्याच जोराने तोफ मागे येते. तो जोर पेलायला जड गाडा, तेलाचे दट्टे, जमिनीत रुतणारे पाय लागतात. इथे तोफेचं मागचं तोंडच उघडं. काडतुसाच्या पुंगळीला चाळणीसारखी भोकं असतात. दारू पेटली की वायूचा एक भाग गोळा ढकलतो आणि बाकीचा भोकांतून मागे सुटतो. पुढचा जोर आणि मागचा जोर एकमेकांना फेडतात. म्हणून स्टँडसकट दोनशे दहा किलोंची ही तोफ जीपवर बसू शकते. पुढे असतो पोकळ दारूचा गोळा. त्याची ताकद वेगावर अवलंबून नसते, तो पोलादावर आपटून धातूची धार आत सोडतो. रणगाडा फोडायला पन्नास टनांचा रणगाडाच हवा, हा हिशोबच त्याने मोडला.

फुकट मात्र काही नाही. मागे सुटलेला वायू म्हणजे आग आणि धुळीचा लोट. त्यात कोणी उभा असेल तर संपला. आणि पुढून पाहणाऱ्याला कळतंच की तोफ कुठे आहे.

नळीच्या पाठीवर आणखी एक बारीक नळी असते. ती अर्ध्या इंचाची नेमबाजीची बंदूक. तिची गोळी मोठ्या गोळ्यासारख्याच वाटेने जाते आणि जिथे लागते तिथे पांढरा धूर सोडते. तोफची आधी ती मारतो. धूर रणगाड्यावर दिसला की लगेच मोठा बार. दोन्हींचा खटका एकच, तोफेची नळी वर-खाली करणाऱ्या चाकाच्या मधोमध. बाहेर ओढला की बारीक गोळी, आत दाबला की मोठा गोळा. माझ्या मॉडेलमध्ये हे चाक मुगाच्या दाण्याएवढं आहे आणि ते डाव्या अंगाला आहे. हे डावं अंग लक्षात ठेवा.

आता माझ्या चुका. सेट जोडून झाला, जीप झाली, आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. मी संदर्भाला लावलेले फोटो पुन्हा काढले. त्यातले निम्मे जोंगाचे निघाले. जोंगा ही आमच्या जबलपूरच्या कारखान्यातली गाडी, तिच्यावरही आरसीएल चढवत. पण इथला वाहन कारखानाच मुळी १९६९चा, १९६५शी त्याचा संबंध नाही. दुसरी चूक सेट करणाऱ्याची: त्याच्या डोळ्यासमोर अमेरिकन जीप होती. त्या काळात आपल्या फौजेत आलेल्या महिंद्राच्या जीप सीजे-३बी जातीच्या, मुंबईत परवान्याखाली बनलेल्या. तिच्या इंजिनात एक झडप वर नेलेली, त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. समोरून पाहिलं तर एमबीचा चेहरा रुंद, हिचा उभट. ज्यांच्या गावात पुढे वडापची जीप धावायची त्यांना हा चेहरा वेगळा सांगायला नको.

मग बॉनेट कापलं, प्लास्टिकच्या पट्ट्या लावून उंच केलं, पुट्टी भरली, घासलं. आठ दिवस गेले. मी खूश.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात, मूळचे सातारा जिल्ह्यातले. मराठा पलटणीत आरसीएलवर काही वर्षं काढलेली, पासष्टनंतरच्या काळात. त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर केला, जीप फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ड्रायव्हर कुठल्या अंगाला बसवलायस?"

स्टीअरिंग डावीकडे होतं. अमेरिकन किट, अमेरिकन स्टीअरिंग, मी तसंच चिकटवून टाकलेलं. आयुष्यभर उजव्या हाताच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाची ही गत.

पण काकांचा प्रश्न चूक दाखवण्यापुरता नव्हता. ते म्हणाले, तोफची डाव्या अंगाला उभा राहतो, चाकं त्याच अंगाला आहेत. ड्रायव्हर उजवीकडे. गोळा भरणारा मागून भरतो आणि भरला की उजवीकडे सरकतो, मागे राहिला तर भाजून निघेल. सरकला की तोफच्याला खूण करतो. खूण आल्याशिवाय खटक्याला हात नाही. बार झाला की धूळ खाली बसायच्या आत ड्रायव्हरने गाडी हलवलेली असली पाहिजे. इंजिन बंद करायचं नसतं. "बंदूकवाल्याचं नाव होतं," ते म्हणाले, "पण गिअर कुणी टाकायचा?"

मी घरी येऊन स्टीअरिंग उखडलं.

त्याच रात्री हमीदांच्या परमवीरचक्राचं मानपत्र पुन्हा वाचलं. ते सरकारी दस्तऐवज म्हणून उपलब्ध आहे, तुम्हीही वाचा. दहा सप्टेंबरची सकाळ, आठ वाजता चीमा गावापुढच्या जागेवर पॅटनच्या रेजिमेंटचा हल्ला, त्याआधी तोफखान्याचा मारा. नऊपर्यंत रणगाडे पुढच्या ठाण्यांत शिरलेले. पुढे जे लिहिलंय त्यातली क्रियापदं मी या वेळी पहिल्यांदा नीट वाचली. ते जीप घेऊन बाजूच्या जागेवर गेले. पहिला रणगाडा टिपला. झटकन जागा बदलली. दुसरा पेटवला. मग शत्रूने त्यांना हेरलं आणि जीपवर मशीनगन आणि स्फोटक गोळ्यांचा मारा एकवटला. तरीही ते आणखी एका रणगाड्यावर मारा करत राहिले आणि त्यातच त्यांना गोळा लागला.

बाजूला जाणं. जागा बदलणं. माझ्या डोक्यातलं चित्र मात्र समोरासमोरचं होतं: इकडे छोटी जीप, तिकडे अजस्र पॅटन, मध्ये मोकळं मैदान. आपल्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांनी आणि चित्रांनी हे चित्र घट्ट केलं आहे. पुतळ्यातली जीप चौथऱ्यावर ठोकलेली, ती हलणार कशी? खरी जीप थांबली तर मेली. तिच्यावर पत्र्यापलीकडे संरक्षण नाही. ही लष्करी वर्गवारीत पाव टनी गाडी. तिच्यावर दोनशे दहा किलोंची तोफ, सतरा-सतरा किलोंचे गोळे, सहा धरले तर शंभर किलो, आणि तीन माणसं. पाव टनाच्या दुप्पट ओझं झालं. हे ओझं घेऊन सप्टेंबरातल्या ओल्या शेतातून कोणीतरी गाडी काढली, वळवली, पुन्हा लपवली. तो माणूस हमीदांच्या हातात हात घालून लढत होता आणि चित्रात तो नाही.

लपवणं कसं शक्य झालं हे मला मॉडेलच्या पाटावर कळलं. पाटासाठी ऊस करायचा ठरवला. तो भाग उसाचा, आणि सप्टेंबरात ऊस पुरुषभरापेक्षा वर गेलेला असतो. अडीच मीटर धरला. कागदाच्या पट्ट्या कापून, तारेला चिकटवून, सात सेंटिमीटरची ताटं केली, दोनेकशे तरी असतील. मध्ये जीप ठेवली आणि ती गायब झाली. नळीचं टोक तेवढं पानांतून दिसत होतं. मग कपाटातून जुना पॅटनचा सांगाडा काढून त्याच उसात ठेवला. पॅटनची उंची तीन मीटरच्या वर, पस्तिसाव्या हिश्शाने नऊ सेंटिमीटर. त्याचा माथा उसावर तरंगत होता. आत कोणी बसलेलं असतं तर त्याला समोर फक्त हिरवं दिसलं असतं.

म्हणून मला 'जीपने पॅटन मारले' हे वाक्य आता अपुरं वाटतं. हमीदांचं शौर्य त्याने तसूभर कमी होत नाही, उलट ते कशात होतं हे कळतं. पहिला बार करणं अवघड, पण पहिल्या बारानंतर, धुळीच्या लोटाने जागा उघडी पडल्यावर, पळून न जाता शंभर-दोनशे पावलांवर पुन्हा थांबणं आणि पुन्हा तीच धूळ उडवणं, हे खूप अवघड. त्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं.

किती रणगाडे? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मानपत्रात त्या एका सकाळचं वर्णन आहे, दोन टिपलेले आणि तिसऱ्यावर मारा चालू असलेला. आधीच्या दोन दिवसांची लढाई धरून इतरत्र सात, आठ असे आकडे येतात. मला या मोजणीत पडायचं नाही. आकडा मोठा केल्याने माणूस मोठा होतो असं वाटणाऱ्यांनी एकदा ते मानपत्र वाचावं, दोनवरच अंगावर काटा येतो.

आणि असल उत्तरची लढाई एकट्या आरसीएलची नव्हती, हेही सांगायला हवं. चौथ्या डोंगरी डिव्हिजनने मागे येऊन घोड्याच्या नालेसारखी बचावाची फळी धरली. शेतांत पाणी सोडलं, जड पॅटन चिखलात रुतले. नालेच्या दोन्ही बाजूंना आपले रणगाडे उसात दबा धरून होते: थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि डेक्कन हॉर्सचे शेरमन. शेरमन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला गडी, पॅटनपुढे म्हाताराच. त्या डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे, पुढे सेनाप्रमुख झाले ते. त्यांना या लढाईसाठी महावीरचक्र मिळालं. भारतीय नोंदींप्रमाणे तिथे पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. भिखीविंडजवळ ते ओळीने उभे केले होते, त्या जागेचं नावच पॅटननगर पडलं. अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या नगरच्या, रणगाडा संग्रहालयात एक पॅटन आहे. गेलात तर त्याच्याशेजारी उभे राहा आणि आपल्या डोक्यापासून त्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर बघा. मग मनातल्या मनात मधे ऊस घाला.

मॉडेलकडे परत येतो. किटमधल्या आकृत्या अमेरिकन शिपायांच्या, त्या घेतल्या नाहीत. पुट्टीने तीन माणसं घडवली, प्रत्येकी पाच सेंटिमीटर. तोफची डावीकडे, डोळा दुर्बिणीला. भरणारा मागून उजवीकडे सरकत असलेला, एक पाय अजून हवेत, हात तोफच्याच्या खांद्याकडे जाताना. आणि ड्रायव्हर. त्याचं काय करायचं यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी त्याचं तोंड मागे वळवलं, बार कधी होतो ते बघणारं, डावा हात गिअरवर.

रंग ऑलिव्ह ग्रीन, वर पंजाबच्या मातीसाठी फिकट तपकिरी पूड. मागच्या बाजूला उसाची दोन ओळी ताटं मी आडवी केली आणि टोकं काळपट रंगवली, कारण काकांनी सांगितलं होतं की बार झाल्यावर मागचं पीक झोपतं. नंबर प्लेट मात्र कोरी ठेवली आहे. हे अमुक एका जीपचं मॉडेल नाही, त्या प्रकारच्या जीपचं आहे, आणि खोटा नंबर घालून मला ते हमीदांच्या नावावर खपवायचं नव्हतं. एका स्थानिक प्रदर्शनात याच कारणाने माझे गुण कापले गेले. परीक्षकांनी लिहिलं, काम अपूर्ण.

काकांना पूर्ण झालेलं दाखवलं तेव्हा ते तोफेकडे फारसे पाहतच नव्हते. वाकून, चष्मा नाकावर आणून त्यांनी ड्रायव्हर पाहिला. मग म्हणाले, "पाय कुठाय? क्लचवर आहे ना?"

पाय डॅशबोर्डखाली आहे, दिसत नाही. पण आहे क्लचवरच.